रुळांच्या जागी सायकलवाट

मंडळातल्या निदान सात-आठ घरांतली मुले-सुना आता न्यूझीलंडला स्थायिक आहेत. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुटीत नातवंडांकडे जाऊन आलेले आजी-आजोबा आपल्याकडे बरेच आहेत. बहुतेकांचा अनुभव सारखाच असतो: ऑकलंडमध्ये दोन महिने राहायचे, शनिवार-रविवारी मुलांच्या गाडीतून कुठेतरी जाऊन यायचे आणि बाकीचे दिवस घरात. आमच्या सकाळच्या सायकल गटात हा विषय निघाला, तेव्हा दक्षिण बेटावरच्या ओटागो सेंट्रल रेल ट्रेलचे नाव पुढे आले. डोंगराळ मुलखातली १५२ किलोमीटरची ही वाट मुरमाची आहे आणि तिच्यावर एकही मोटार येत नाही. साठीच्या पुढची माणसेही ती सायकलने पार करतात. "डोंगरात सायकल आणि तीही आपण?" ही पहिली शंका सगळ्यांचीच होती, म्हणून हा लेख.

शंकेचे उत्तर वाटेच्या जन्मात आहे. ही वाट सायकलींसाठी बांधलेलीच नाही. ती रेल्वेची आहे.

ओटागोच्या आतल्या भागात १८६०च्या दशकात सोने सापडले. १८६१ साली गॅब्रिएल रीड याला सापडलेल्या सोन्यामुळे जगभरातून माणसे तिकडे धावली. यात एक गोष्ट आपल्याला ठाऊक असावी अशी आहे. रीडच्या आधी काही वर्षे त्याच परिसरात एडवर्ड पीटर नावाच्या माणसाला सोने सापडले होते. तो मुंबईकडून आलेला होता आणि तिथले लोक त्याला 'ब्लॅक पीटर' म्हणत. बक्षीस आणि नाव दोन्ही रीडला मिळाले. पीटरच्या हाती पुष्कळ वर्षांनी थोडीशी रक्कम पडली. सायकलवाट त्याच्या जागेवरून जात नाही, पण ज्या सोन्यामुळे हा मुलूख वसला त्याच्या पहिल्या पानावर आपल्याकडचा एक माणूस आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

सोने ओसरले, मेंढपाळी आणि फळबागा राहिल्या. लोकर आणि फळे डनीडिन बंदराकडे न्यायची तर रेल्वे हवी होती. १८७९ साली काम सुरू झाले. रूळ १८९१ला मिडलमार्चला पोहोचले, १८९८ला रॅनफर्लीला, १९०७ला क्लाइडला, आणि शेवटच्या क्रॉमवेलला पोहोचायला १९२१ साल उजाडले. दोनशेहून थोडे अधिक किलोमीटर आणि चाळीस वर्षांच्या वर काळ. आपल्याकडे एखाद्या मार्गाचे काम रेंगाळले की आपण सरकारला नावे ठेवतो. तिथल्या लोकांनीही तेच केले असणार.

आता मुख्य मुद्दा, चढाचा. आगगाडीचे चाक लोखंडी आणि रूळही लोखंडी. दोघांत घर्षण कमी, म्हणून सपाटीवर इंजिन प्रचंड वजन सहज ओढते, पण चढ आला की चाक जागेवरच फिरू लागते. मोटारीसारखा उभा चढ आगगाडीला चढताच येत नाही. त्यामुळे रेल्वे बांधणारा इंजिनिअर डोंगराशी भांडत बसत नाही. तो डोंगराला वळसा घालतो, उंचवटा कापतो, दरीत भराव टाकतो, अगदीच नाइलाज झाला तर बोगदा खणतो. चढ मात्र ठरलेल्या मापाच्या वर जाऊ देत नाही. ओटागोच्या या वाटेवर ते माप पन्नासास एक आहे, म्हणजे पन्नास मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. किलोमीटरला वीस मीटर, आणि हा सर्वांत कडक चढ.

बेळगावकरांना हे समजावून सांगायला आपला कॅसलरॉकचा घाट पुरेसा आहे. कॅसलरॉक ते कुळें हा उतार सदतिसास एक आहे आणि गोव्याकडून वर येणाऱ्या मालगाड्यांना जादा इंजिने लावावी लागतात, हे दूधसागरकडे गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. ओटागोचा कडक चढही त्यापेक्षा सौम्य आहे. रस्त्याशी तुलना केली तर फरक आणखी स्पष्ट होतो. येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या शेवटच्या टप्प्यात आमच्या गटातले निम्मे लोक उतरून सायकल ढकलतात. दहास एक चढ असेल तर तेवढ्याच अंतरात पन्नासास एक चढाच्या पाचपट उंची गाठावी लागते. गुडघ्याला नेमका हाच फरक कळतो. रेल्वेच्या वाटेवर चढ लांबतो, पण पायावर एकदम येत नाही. हलका गिअर लावून गप्पा मारत वर जाता येते आणि बऱ्याचदा आपण चढतो आहोत हे मागे वळून पाहिल्यावरच कळते.

पूर्ण वाटेचा सर्वांत उंच बिंदू ६१८ मीटरवर आहे, ओटुरेहुआ आणि वेडरबर्न या गावांच्या मध्ये. क्लाइडकडून निघाल्यास तिथवर पोहोचायला सत्तरेक किलोमीटर मिळतात आणि त्या अंतरात मिळून साधारण पावणेपाचशे मीटर चढायचे असतात. दोन दिवसांत विभागले तर आपल्या कोणत्याही नियमित सायकलस्वाराला हे झेपावे. याच उंच भागात पंचेचाळिसाव्या दक्षिण अक्षांशाची खूण लावलेली आहे, विषुववृत्त आणि दक्षिण ध्रुव यांच्या बरोबर मध्यावर. नातवंडे बरोबर असतील तर भूगोलाचा धडा फुकट होतो. रॅनफर्लीला तर सूर्यमालेची प्रतिकृतीच मांडली आहे. सूर्य गावात आणि ग्रह वाटेवर, दहा कोटीस एक या प्रमाणात. या मापाने पृथ्वी जेमतेम वीतभरसुद्धा नाही, आणि सूर्यापासून दीड किलोमीटर दूर.

ही वाट मोटारमुक्त कशी राहिली, हे जास्त महत्त्वाचे आहे. त्यात केवळ पर्यटनाची गोष्ट नाही.

१९८४ साली न्यूझीलंडमधल्या सरकारने शेतीची अनुदाने काढून घेतली. मेंढपाळ कुटुंबांचे कंबरडे मोडले, तरुण शहराकडे गेले. क्लाइडजवळ मोठे धरण बांधायचे होते, त्यामुळे क्रॉमवेलकडचा तुकडा आधीच, १९८० साली, बंद झाला होता. तो पुढे जलाशयाखाली गेला. धरणाचे सामान वाहून नेण्यापुरती उरलेली रेल्वे जिवंत होती. ते काम संपत आल्यावर ३० एप्रिल १९९० रोजी तीही थांबली. रूळ उखडले गेले. डनीडिनकडचा मिडलमार्चपर्यंतचा भाग पर्यटक रेल्वेसाठी राखला गेला. उरला मिडलमार्च ते क्लाइड हा पट्टा: रूळ नसलेला, पण सलग.

हा 'सलग' शब्द आम्हाला फार मोलाचा वाटतो. रेल्वेची जमीन म्हणजे काही मीटर रुंदीची आणि दीडशे किलोमीटर लांबीची चिंधी. ती शेजारच्या प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या बांधापुरती विकून टाकणे हा सर्वांत सोपा मार्ग होता. तसे झाले असते तर एखाद्या खातेदाराच्या कुंपणानेही वाट कायमची तुटली असती आणि पुढच्या शंभर वर्षांत ती कोणाला जोडता आली नसती. १९९३ साली तिथल्या निसर्गसंवर्धन खात्याने पूर्ण पट्टा एकत्र ताब्यात घेतला. स्थानिकांनी न्यास स्थापून पैसे गोळा केले, एकेक तुकडा तयार होत गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये पूर्ण वाट खुली झाली. बडोद्याच्या मंडळींना यातले मर्म लगेच कळेल. गायकवाड सरकारने टाकलेल्या डभोईच्या नॅरोगेजचे किती फाटे बंद झाले किंवा रुंद झाले आणि मोकळ्या झालेल्या जमिनीचे काय होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

सुरुवातीला शेतकऱ्यांचा विरोध होता. परकी माणसे शेतातून जाणार, कुत्री मेंढ्यांच्या मागे लागणार, कोणी विडी टाकली तर वाळल्या गवताला आग लागणार, ही भीती खोटी नव्हती. आमच्या मते तो विरोध रास्तच होता. शहरातल्या माणसाच्या हौसेची किंमत खेड्यातल्या माणसाने का मोजावी? पण सायकलस्वार दिवसाला तीस-चाळीस किलोमीटरच जातो. मोटारवाला तीन गावे मागे टाकून पुढे निघून जातो, तर सायकलवाल्याला त्याच गावात भूक लागते आणि त्याच गावात झोप येते. जिथे दुकान बंद व्हायच्या बेतात होते तिथे चहा-नाश्ता सुरू झाला, रिकाम्या शाळांच्या आणि घरांच्या खोल्या भाड्याने जाऊ लागल्या, सामान पुढच्या गावी पोहोचवणाऱ्या गाड्या धावू लागल्या. २००९नंतर न्यूझीलंड सरकारने देशभर सायकलवाटांचे जाळे उभारायचे ठरवले, त्यामागे या वाटेचे यश हे मोठे कारण होते. खानापूर तालुक्यातल्या रिकाम्या होत चाललेल्या वाड्या पाहणाऱ्याला यात विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

वाट प्रत्यक्षात कशी आहे? रेल्वेची मोठी खडी काढून किंवा दाबून तिच्यावर बारीक खडी आणि मुरूम पसरलेला आहे. जुन्या पुलांवर लाकडी फळ्या टाकून दोन्ही बाजूंना कठडे लावले आहेत. असे लहान-मोठे साठाहून अधिक पूल लागतात. रेल्वेच्या गँगमनांच्या टपऱ्या दुरुस्त करून त्यांत माहितीफलक लावले आहेत आणि पाऊस-वाऱ्यात त्यांचाच आसरा मिळतो. चालणारे आणि घोडेस्वारही हीच वाट वापरतात. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. मोटारींचे रस्ते मात्र वाटेला अधूनमधून आडवे येतात. तिथे थांबून, दोन्हीकडे बघूनच ओलांडायचे. वाट मोटारमुक्त आहे म्हणजे फाटक मोटारमुक्त नव्हे, हे मुलांना आधी बजावून ठेवा.

लॉडरच्या पुढे पूलबर्नची घळ येते. आमच्या गटातले जे दोघे तिकडे जाऊन आले ते दर वेळी याच भागाबद्दल बोलतात. साधारण दोनशे मीटर लांबीचे दोन बोगदे आणि जवळच दगडी खांबांवर उभा असलेला, तळापासून ३७ मीटर उंच पूल. बोगद्यात दिवे नाहीत. आत वळण असल्यामुळे मध्यावर पुढचे टोकही दिसत नाही आणि मागचेही. विजेरी हवीच, आणि शहाणपण उतरून चालण्यात आहे. भिंतींच्या दगडांवर छिन्नीच्या खुणा हाताला लागतात. यंत्रे फारशी नसताना हे सगळे हातांनी केलेले आहे.

ओटुरेहुआला थांबून हेज यांचा जुना कारखाना पाहावा, असे आम्ही आग्रहाने सांगू. अर्नेस्ट हेज याने १८९५ साली तो सुरू केला. कुंपणाची तार ताणायचे अवजार ही त्याची सर्वांत गाजलेली वस्तू. पण आमचे लक्ष त्याच्या बायकोने वेधले. हॅना हेज सायकलवर टांग टाकून दूरदूरच्या मेंढीफार्मांवर जाई आणि नवऱ्याच्या अवजारांच्या मागण्या गोळा करून आणी. रस्ते कच्चे, सायकलीला गिअर नाहीत, अंगात लांब झगा. आज या वाटेवर गिअरच्या सायकलीवरून दमणाऱ्यांनी तिची आठवण ठेवावी. मंडळाच्या महिला विभागाने तर तिचा फोटो लावावा, अशी सूचना आहे.

वेडरबर्नला जुने हिरवे मालगोदाम दिसते. ग्रॅहम सिडनी या चित्रकाराने त्याचे चित्र काढले आणि ते घराघरांत पोहोचले. रेल्वे बंद झाल्यावर गोदाम तिथून हलवले गेले होते, गावकऱ्यांनी ते परत जागेवर आणले. पुढे हाइडच्या जवळ एक दगडी स्मारक आहे. ४ जून १९४३ रोजी तिथल्या वळणावर भरधाव आगगाडी रुळांवरून घसरली आणि २१ माणसे मेली. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत त्या बातमीकडे पुरेसे लक्षही गेले नाही. तिथे मिनिटभर उभे राहावे.

आता थोडे तयारीचे. आपण ज्या बारीक टायरच्या सायकली डांबरी रस्त्यावर चालवतो त्या इथे कामाच्या नाहीत. सुट्या खडीवर टायर रुतता कामा नये, म्हणून तो रुंद, निदान ३५ ते ४५ मिलिमीटरचा हवा. त्यात हवा थोडी कमी ठेवली की टायर खडीवर पसरून पकड घेतो आणि हादरेही तोच खातो. आपल्याकडे दुकानदार हवा ठासून भरतो, तसे इथे केले तर दिवसाअखेर मनगटे बोलू लागतात. वळणावर ब्रेक दाबू नका, वळणाच्या आधी वेग कमी करा. पुढचा ब्रेक एकदम दाबला तर खडीवरून चाक सरकते. भारतातून सायकल नेण्याची गरज नाही, क्लाइड आणि मिडलमार्च दोन्हीकडे भाड्याने मिळतात. हेल्मेट तिथे कायद्याने सक्तीचे आहे. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, तेवढी सवय बदलावी लागत नाही.

बॅटरीवर चालणाऱ्या सायकलीवरून आमच्या गटात बरीच खडाजंगी झाली. "पायाने नाही चालवली तर गेलात कशाला?" असा एक पक्ष होता. आमचे मत सरळ आहे: नवऱ्याचा दम टिकतो आणि बायकोचा टिकत नाही, किंवा उलट, म्हणून दोघांपैकी एकाने घरी बसण्यापेक्षा एकाने बॅटरीची सायकल घ्यावी. वाऱ्याच्या दिवशी तिची किंमत कळते. वायव्येकडून येणारा वारा त्या उघड्या माळावर चढापेक्षा जास्त त्रास देतो, आणि वाऱ्याला रेल्वेच्या इंजिनिअरने काही माप घालून दिलेले नाही.

किती दिवस? तीन दिवसांत उरकणारे असतात. आम्ही चार किंवा पाच म्हणू. दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर धरले तर बघायला, बसायला, पंक्चर काढायला वेळ राहतो. तिथले ऋतू आपल्या उलट, त्यामुळे ऑक्टोबर ते एप्रिल हा योग्य काळ. ओटागोचा हा भाग समुद्रापासून आत आहे, पाऊस अगदी कमी. अलेक्झांड्राला वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे जुलैच्या एखाद्या आठवड्यात पडतो तेवढा. पण थंडी विलक्षण. न्यूझीलंडमधले नोंदलेले नीचांकी तापमान रॅनफर्लीचेच आहे, १९०३च्या जुलैमधले, उणे २५.६ अंश. मे महिन्यात शाळेची सुटी आहे म्हणून नातवंडांना घेऊन निघालात तर तिथे हिवाळा सुरू झालेला असेल, हे लक्षात ठेवा. उन्हाळ्यात उलटा प्रश्न: झाडे नाहीत, ऊन कडक, आणि दोन गावांच्या मध्ये पाणी मिळेलच असे नाही. बाटल्या गावात भरून निघावे.

क्लाइडहून क्रॉमवेलकडे जलाशयाच्या काठाने २०२१ साली आणखी एक वाट सुरू झाली आहे. तिचे फोटो फार देखणे असतात, कड्याला लटकवलेल्या फळ्यांवरून सायकली जाताना. ती वेगळी चीज आहे. ती रेल्वेच्या मापाने बांधलेली नाही, चढ-उतार तीव्र आहेत आणि काही ठिकाणी बाजूला थेट खोली आहे. रेल्वेची वाट जमली म्हणजे हीही जमेल, असे समजू नये.

जेवणाचे म्हणाल तर शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण कंटाळतो. म्हणून पिशवीत चिवडा-लाडू भरायचा मोह होतो. न्यूझीलंडच्या विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जावर लिहून जाहीर करावी लागते. न सांगता काही सापडले तर जागेवर चारशे डॉलर दंड. बियाणे आणि दुधाच्या पदार्थांबाबत ते लोक फार कडक आहेत. कितीही जीव तुटला तरी बेळगावचा कुंदा घरीच ठेवावा. बुटांच्या तळव्याला चिकटलेली आपली तांबडी मातीसुद्धा चालत नाही. बूट आधी घासून धुवावेत आणि शेतात जाऊन आला असाल तर तसे सांगावे.

एक सूचना इथल्यासाठी. हे वाचून कोणी सरावाला म्हणून कॅसलरॉकच्या रुळांच्या बाजूने सायकल ढकलत दूधसागरकडे जाऊ नये. तो मार्ग चालू आहे, रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे, आणि घाटातल्या बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. सरावाला राकसकोपकडचे शेतरस्ते चांगले आहेत. पावसाळा संपून मुरूम बसला की, दसऱ्यानंतरच्या रविवारपासून, आमचा गट सकाळी सहाला मंडळाच्या फाटकाजवळ जमतो. रुंद टायरची सायकल नसली तरी या, गटात दोन जादा आहेत.